एवढ्या जुन्या गिटारमध्ये असतं तरी काय बे?

रविवारी सकाळी नागपुरात घरी पोह्यावर तर्री ओतून घेत होतो तेवढ्यात भाच्यानं मोबाइल नाकासमोर धरला. "मामा, हे खरं आहे का?" कुठलातरी रील होता, निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन कंपनीची गिटार २०२० च्या लिलावात ६० लाख डॉलरला गेली म्हणून. म्हटलं हो बाबा, खरं आहे, त्या वेळच्या भावानं साधारण ४५ कोटी रुपये होतात. आई तिकडून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पंचेचाळीस कोटीत बर्डीवर अख्खी बिल्डिंग येते. अन् त्या गिटारीचं पॉलिश तरी धड आहे का?"

नाही ना आई, धड नाहीच आहे.

भाच्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुना टीव्ही भंगारवाला फुकटात उचलायला तयार नाही, शोरूममधून गाडी बाहेर काढली की तिची किंमत पडते, मग गिटारच काऊन उलटी चालते? त्या दिवशी पोहे गार होत होते म्हणून विषय टाळला, पण डोक्यात राहिला, म्हणून इथे नीट लिहून काढतोय. मी काही स्टेजवरचा कलाकार नाही, सदरमधल्या एका सरांकडे आठ वर्षं शिकलो, बाकी सगळी हौस.

'व्हिंटेज' म्हणजे नुसतं जुनं नाही

शब्द मूळचा वाइनवाल्यांचा, अमुक साली तोडलेल्या द्राक्षांची वाइन या अर्थाचा. गिटारमध्ये याचा काही सरकारी नियम नाही, ढोबळमानानं सत्तरच्या दशकापर्यंतच्या गिटारना लोक व्हिंटेज म्हणतात, आणि त्यातही ठराविक कंपनीच्या ठराविक सालांना खरा भाव. लोणचं जुनं झालं की मुरतं आणि ओली चटणी जुनी झाली की आंबते, तसंच आहे हे. माळ्यावर तीस वर्षं पडलेली प्रत्येक गिटार लोणचं नसते.

उदाहरण घ्या. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ ला आली, आणि १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस या अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकून टाकली. त्यानंतर मोठ्या कंपनीनं खर्च वाचवायला काटछाट केली असं वाजवणाऱ्यांचं म्हणणं, म्हणून त्याच्या आधीच्या गिटारना 'प्री-सीबीएस' म्हणून वेगळाच मान. वाडा विकून बिल्डरला दिल्यावर जुने भाडेकरू कसे "आधी पाणी किती गोड यायचं" म्हणतात, थोडं तसंही आहे त्यात.

दुसरं उदाहरण गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारचं, आणि हे मला जास्त आवडतं. १९५८ ते १९६० या काळात त्यांनी पिवळ्या-लाल उन्हाच्या रंगाच्या साधारण दीड हजार लेस पॉल बनवल्या, किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. आणि त्या खपल्याच नाहीत! जड लागायच्या, जुन्या वळणाच्या वाटायच्या, शेवटी १९६१ ला कंपनीनं आकारच बदलून टाकला. मग १९६६ ला इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टननं जॉन मायालच्या बँडसोबतच्या रेकॉर्डवर तसलीच गिटार मार्शलच्या अँपला लावून असा काही आवाज काढला की पोरं दुकानादुकानात जुनी लेस पॉल शोधत फिरायला लागली, आणि १९६८ ला कंपनीला ती परत सुरू करावी लागली. आज त्या दीड हजारातली एखादी निघाली तर बोलणी लाखो डॉलरमध्ये होतात. म्हणजे ज्या मालाला आज सोन्याचा भाव तो त्या वेळी दुकानात धूळ खात होता.

लाकूड मुरतं ते खरं की गप्पा?

खरं आहे, पण अर्धंच. आपल्या लकडगंजमध्ये कोणालाही विचारा, महालातला एखादा जुना वाडा पाडला की सागाच्या तुळयांसाठी लोक टपून असतात. सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग, त्यात शंभर वर्षं वाळलेलं, त्याचा दरवाजा केला तर पावसाळ्यात फुगत नाही. का? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा समजा, आणि त्या नळ्या एकमेकींना धरून ठेवणाऱ्या मसाल्यात एक भाग असतो हेमिसेल्युलोज नावाचा, त्याला पाण्याची भारी हाव. वर्षानुवर्षं तो हळूहळू मोडत जातो, लाकूड पाणी कमी पितं, वजनाला हलकं होतं पण कडकपणा बऱ्यापैकी तसाच राहतो.

आता हलकं आणि कडक हे आवाजासाठी का चांगलं, तर पापड आठवा. मे महिन्यात गच्चीवर कडकडीत वाळलेल्या पापडावर टिचकी मारली तर खणकन वाजतो, आणि तोच पापड जुलैत डब्याचं झाकण उघडं राहून सादळला की मारा टिचकी, नुसता थप्प. अकूस्टिक गिटारचा वरचा पत्रा, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते, सगळा आवाज तिच्या थरथरण्यातून येतो. म्हणून तिथे वाळलेपणाचा फरक पडू शकतो. हे इतकं मान्य झालंय की मार्टिन आणि यामाहासारख्या कंपन्या नवीन लाकडावर उष्णतेची प्रक्रिया करून त्याला आधीच म्हातारं करतात आणि वर त्याचे जास्त पैसे घेतात.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तर लाकूड वाजतच नाही ना?

बरोबर पकडलं. इलेक्ट्रिकचा आवाज स्पीकरमधून येतो आणि स्पीकरला जे मिळतं ते पिकअपकडून. पिकअप म्हणजे सायकलचा डायनॅमो, फक्त उलटा पुलटा. सायकलमध्ये चाकानं चुंबक फिरतो आणि शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते, इथे चुंबक आणि कॉइल जागेवर आणि त्यांच्यावर पोलादी तार थरथरते, त्यानं कॉइलमध्ये बारीकशी वीज उठते. नायलॉनची तार लावली तर काहीच येणार नाही.

त्या कॉइलमध्ये केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. आणि पन्नासच्या दशकात ते वेढे घेताना मोजणी फार काटेकोर नव्हती, मशीनवर बसलेल्या माणसाचा हात आणि नजर बरीच चालायची. कूलरची मोटर जळल्यावर तुम्ही रीवाइंडिंगला दिली असेल तर माहीत असेल, एका दुकानाची मोटर चार उन्हाळे जाते आणि शेजारच्याची एका सीझनमध्ये घरघरायला लागते, तार तीच. तसं एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गिटारींचे पिकअप वेगळे वाजतात, एखाद्यात चुकून दोन-चारशे वेढे जास्त पडले आणि तोच आवाज जगाला आवडला असंही होतं. फ्लीटवूड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचा चुंबक उलटा बसला होता, त्यामुळे दोन्ही पिकअप एकदम चालू केले की आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ यायचा. ती चूक म्हणजेच ती गिटार. पुढे ती गॅरी मूर या दुसऱ्या गिटारवाल्याकडे गेली, आता मेटालिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे, आणि तो उलटेपणा कोणी सुधारायच्या भानगडीत पडलं नाही.

रंगाची गोष्ट, आणि माझा गाढवपणा

जुन्या गिटारना नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायचे, पातळ असतं, वर्षांनी पिवळं पडतं आणि थंडी-उन्हात त्याला उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा जातात. फेंडरचे कित्येक रंग तर मोटारगाड्यांच्या रंगांतूनच उचललेले. नंतर जाड प्लास्टिकसारखा पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचा थर आला, टिकाऊ, चकचकीत, आणि जाड मारला तर पत्र्याला गोधडी पांघरल्यासारखा.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. कॉलेजात असताना माझी पहिली गिटार खरचटली होती, मी ती शहाण्यासारखी एका कार पेंटरकडे नेली आणि काळीकुळकुळीत करून आणली, तीन हात मारून दिले त्यानं, आरशासारखी. सरांना दाखवायला गेलो. त्यांनी वाजवलीच नाही, फक्त वरच्या फळीवर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "दरवाजा ठोकून राह्यला का बे मी?" ती गिटार अजून आहे घरी.

डोळे बांधून ऐकलं तर ओळखता येते का?

हा खरा प्रश्न, आणि उत्तर जुन्या वाद्यांच्या भक्तांना आवडत नाही. सगळ्यात गाजलेला प्रयोग व्हायोलिनवर झालाय, इटलीच्या स्ट्रॅडिव्हरी या कारागिराच्या तीनशे वर्षं जुन्या स्ट्रॅडिव्हरियसवर. क्लॉडिया फ्रिट्झ ही संशोधक आणि तिच्या साथीदारांनी अमेरिकेत इंडियानापोलिसला एका हॉटेलच्या खोलीत २१ व्हायोलिन वादकांना बोलावलं, डोळ्यांना वेल्डिंगचे काळे गॉगल, जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली सेंट लावलेला, आणि तीन जुनी, तीन नवी व्हायोलिनं हातात दिली. २०१२ ला निकाल छापून आला. सगळ्यात जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला आणि सगळ्यात नापसंत निघालं एक स्ट्रॅडिव्हरियस! जुनं कुठलं आणि नवं कुठलं हेही बहुतेकांना धड सांगता आलं नाही.

गिटारवरही झालंय. लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी सहा अकूस्टिक गिटार बनवून घेतल्या, सगळं सारखं, फक्त मागची आणि बाजूची लाकडं वेगवेगळी, महागड्या ब्राझिलियन रोझवूडपासून स्वस्तापर्यंत, आणि ५२ गिटारवाल्यांना न दाखवता वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये छापलं त्यांनी, लाकडानं मार्कांमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही.

यावर सर काय म्हणाले ते सांगतो, कारण मी मोठ्या उत्साहानं त्यांना हे सांगायला गेलो होतो. म्हणाले, "वीस मिनिटात लग्न ठरवता येते, संसार नाही समजत." मुद्दा आहे त्यात. गॉगल लावून वीस मिनिटं वाजवणं आणि वीस वर्षं वाजवणं वेगळं. पण तरी मी म्हणेन की आवाजाच्या नावाखाली जेवढी पूजा चालते तेवढा फरक कानाला नाही, हे एकदा मान्य करून टाकावं.

मग "आधीच्या वस्तूच चांगल्या होत्या" असं का वाटतं?

कारण वाईट त्या मेल्या. आजीच्या काळचा पितळी गंज बघून आपण म्हणतो काय मजबूत बनवायचे लोक, पण जे गळके, पातळ, तळ गेलेले होते ते मोडीत जाऊन चाळीस वर्षं झाली, आपल्यासमोर उरलेत ते निवडक. गिटारचंही तेच. १९६२ लाही सोमवारी सकाळी अर्धवट झोपेत बनवलेल्या गिटारी असणारच, त्यांची मान वाकली, फळी फाटली, कोणी जपल्या नाहीत. ज्या चांगल्या वाजायच्या त्या जपल्या गेल्या. साठ वर्षांच्या चाळणीतून निघालेला माल आपण कालच्या कारखान्यातल्या सरसकट मालाशी ताडून बघतो.

मग वाजवणारे जीव का टाकतात?

इथे दोन माणसं वेगळी करावी लागतात, साठवणारा आणि वाजवणारा. साठवणाऱ्याला गोष्ट आणि दुर्मिळपणा हवा, कोबेनच्या गिटारचे ६० लाख डॉलर लाकडाचे नाहीत, त्या गिटारवर तो १९९३ ला टीव्हीसाठीच्या अनप्लग्ड, म्हणजे अकूस्टिक वाद्यांवरच्या, कार्यक्रमात वाजवला होता आणि पाच महिन्यांत गेला, त्याचे आहेत. वाजवणाऱ्याचं प्रकरण निराळं.

आमच्या सरांची गिटार सत्तरच्या दशकातली, कलकत्त्याची, बाजारात तिला कोणी पाच हजार देणार नाही. पहिल्या तीन पडद्यांवर, गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात, बारीक तारांखाली घळी पडल्यात. मानेच्या मागचं वार्निश अंगठ्याच्या वाटेवरून पार गेलंय आणि लाकूड असं गुळगुळीत झालंय की हात आपोआप सरकतो. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्याला ती खरखरते, म्हणून सर तो स्वर नेहमी दुसऱ्या तारेवर घेतात, आणि त्यामुळे त्यांची बोटं जिकडून जातात तिकडून आम्हा सगळ्या शिष्यांची जातात, आमच्या गिटारी खरखरत नसतानाही. विद्यार्थ्यांनी एकदा वर्गणी काढून त्यांना भारीतली नवीन घेऊन दिली. दोन महिने वाजवली, मग एका पोराला देऊन टाकली. "चांगली आहे रे, पण हिला माह्याबद्दल काहीच माहीत नाही."

आईला हे सांगितलं तर ती हसली, पण तिचं स्वतःचं बघा. तिचं लाटणं मधून झिजून एका बाजूला किंचित बारीक झालंय, ताईकडे पुण्याला गेली की तिथल्या नव्या लाटण्यानं तिच्या पोळ्या गोल येत नाहीत आणि ती कणकेला दोष देते. मागच्या वेळी पिशवीत लाटणं घालून घेऊन गेली.

अमेरिकेतला गायक विली नेल्सनची 'ट्रिगर' नावाची गिटार म्हणजे असंच लाटणं आहे. १९६९ पासूनची ती मार्टिन, बनवली होती बोटांनी वाजवायला, हा बाबा प्लेक्ट्रमनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं, वाजवत राहिला, तर फळीला घासून घासून मोठं भोक पडलं. घराला आग लागली तेव्हा आत शिरून गिटार काढली त्यानं. आयर्लंडचा गिटारवाला रोरी गॅलघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग तर त्याच्या घामानं उतरला, लाकूड उघडं पडलं. आपल्याकडे मे महिन्यात लग्नाच्या मांडवात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

पण माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट अमेरिकेतल्या ब्लूज गिटारवाल्या बी. बी. किंगची. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सामधलं ट्विस्ट गाव, नाचाच्या हॉलमध्ये ऊब यावी म्हणून पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन माणसांची मारामारी झाली, पिंप लवंडलं, आग लागली, सगळे बाहेर पळाले आणि हा गिटारसाठी परत आत गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण ल्यूसील नावाच्या बाईवरून होतं, त्यानं गिटारचं नाव ल्यूसील ठेवलं, परत असा मूर्खपणा करायचा नाही याची आठवण म्हणून. आणि गंमत बघा, पुढे आयुष्यभर त्यानं गिटारी बदलल्या आणि प्रत्येकीचं नाव ल्यूसीलच! म्हणजे जीव त्या एका लाकडात नव्हता.

नवीन घेऊन घासून टाकली तर?

तेही होतं! फेंडरनं १९९५ पासून 'रेलिक' नावानं मुद्दाम खरवडलेल्या, गंजवलेल्या कोऱ्या गिटारी विकायला काढल्या, आणि त्या गुळगुळीत गिटारपेक्षा महाग. फाटकी जीन्स महाग मिळते तसं. नावं ठेवण्याआधी एक सांगतो, झिजवलेली मान हाताला खरंच बरी लागते, ते नुसतं नाटक नाही. पण पट्ट्याच्या बकलचे ओरखडे कारखान्यात पाडून घ्यायचे म्हणजे जरा अतीच.

यातूनच नकली मालही निघतो. म्हणून जाणकार माणूस आवाज ऐकायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर काढतो, सेकंडहँड गाडीचा चेसिस नंबर बघावा तसा. आतल्या व्हॉल्यूमच्या बटणाच्या पाठीवर आकडा असतो, समजा १३७६४३२, तर १३७ म्हणजे सीटीएस ही पार्ट बनवणारी कंपनी, ६४ म्हणजे साल, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. आता विकणारा गिटार १९६२ ची सांगत असेल तर एक तर बटण बदललंय किंवा भाऊ खोटं बोलून राह्यला. आणि साठवणाऱ्यांच्या बाजारात नुसतं बटण बदललं, रंग नवा मारला तरी किंमत धाडकन पडते, वाजवणारा मात्र झिजलेले फ्रेट बिनधास्त बदलून घेतो कारण त्याला संध्याकाळी कार्यक्रम असतो.

शिसवाचा घोळ

जुन्या भारी गिटारींमध्ये ब्राझिलियन रोझवूड असायचं, १९६९ च्या सुमारास ते मिळेनासं झालं आणि मार्टिननं आपल्याकडचं शिसव घ्यायला सुरुवात केली. हो, आजोबांच्या कपाटाचं शिसवी लाकूड, तेच. १९९२ पासून ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानं जवळजवळ बंद केला, त्यामुळे तसली जुनी गिटार घेऊन देशाबाहेर जायचं तर कागदपत्रं लागतात. २०१७ ला त्या झाडाचं सगळं खानदानच यादीत टाकलं तेव्हा साध्या गिटारवाल्यांचीही पळापळ झाली, मग २०१९ ला तयार वाद्यांना सूट मिळाली, ब्राझिलियन सोडून.

माझ्या घरी जुनी गिटार आहे, काय करू?

आधी तर ४५ कोटीचं स्वप्न बाजूला ठेवा, देशी जुन्या गिटारना असा बाजार नाही. पण वाजण्यासारखी असेल तर वाजवा. नागपुरात तिचा खरा शत्रू म्हातारपण नाही, कूलर आहे. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी होते की मानेवरची पट्टी आकसते आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, मग संध्याकाळी आपण कूलर लावतो आणि ओल्या खसमधून आलेली हवा थेट तिच्या तोंडावर, आणि जुलैत तर विचारूच नका, फळी फुगून तारा इतक्या वर जातात की बोटं सोलून निघतात. एकाच वर्षात वाळवण आणि भिजवण. केसमध्ये, आतल्या खोलीत, कूलरच्या वाऱ्यापासून लांब ठेवा, महिनोनमहिने वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा, आणि कितीही खरचटली तरी कार पेंटरकडे नेऊ नका.

भाच्यानं परवा माझी ती काळी गिटार मागितली. दिली. आता सँडपेपर घेऊन गच्चीवर बसलाय, तीन हातांपैकी पहिला हात अजून अर्धाही निघालेला नाही.